वृद्धाश्रम तपासायचा कसा?

मागच्या व्याख्यानात आपण 'कर्तव्य' या शब्दावर बोललो. शेवटी धुळ्याच्या एका ताईंनी विचारलं, "सर, हे सगळं खरं, पण आईला वृद्धाश्रमात ठेवायची वेळ आली, तर तो चांगला आहे हे ओळखायचं कसं?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला ते जमतं! पण घरी गेल्यावर चैन पडेना, कारण हा प्रश्न माझ्या घरात येऊन गेलेला आहे. म्हणून आज तेवढंच.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, शेवटची दीड वर्षं खान्देशातल्या एका वृद्धाश्रमात होती. मी दर रविवारी सकाळी अकराला जायचो. फरशी पुसलेली, चादरी धुतलेल्या, जेवणाचा तक्ता भिंतीवर. व्यवस्थापक स्वतःहून वह्या पुढे करायचे: औषधांची, आंघोळीची, डॉक्टरांच्या भेटीची. मी समाधानानं परत यायचो. मग एका एप्रिलमध्ये अक्का असंबद्ध बोलायला लागली. आम्ही म्हटलं, वय झालं, आता असंच चालायचं. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी नाही आणि लघवीचा संसर्ग झालाय. सलाईननं ती दोन दिवसांत ताळ्यावर आली. मी विचारलं, "अक्का, माठ तर उशाशी होता, पाणी का पीत नव्हतीस?" ती म्हणाली, "रातले माले कोन लई जाई, भाऊ?"

म्हणजे रात्री संडासापर्यंत हात धरून नेणारं कुणी नव्हतं. पडायची भीती, अंथरूण ओलं व्हायची लाज. म्हणून दुपारी चारनंतर तिनं पाणीच सोडलं होतं. जळगावचा उन्हाळा तुम्हाला मी सांगायला नको. पारा चव्वेचाळीसच्या पुढे, आणि ही बाई तहान मारून बसलेली. चाळीस माणसांमागे रात्रपाळीला एक मावशी. तिला तरी काय बोलणार?

आता यातली गंमत (गंमत म्हणवत नाही खरं तर) अशी की, वह्यांत काहीच खोटं नव्हतं. माठ रोज भरला जात होता आणि तशी खूण होती. कुणी तपासणी अधिकारी आले असते, तर त्यांनीही 'समाधानकारक' असा शेरा मारला असता. मी तरी दुसरं काय करत होतो?

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा 2007 सालचा. त्याच्या कलम 19 प्रमाणे राज्य सरकार निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढू शकतं, सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान 150 जणांची सोय असलेला. त्यांच्या व्यवस्थापनासाठी दर्जा ठरवायचा अधिकारही सरकारला आहे. तिथे सेवांचा उल्लेख करताना वैद्यकीय देखभाल आणि करमणुकीची साधनं हे दोन शब्द येतात. म्हणजे डॉक्टर आणि टीव्ही. या दोहोंच्या मध्ये जो चोवीस तासांचा दिवस असतो, त्यात अक्काची तहान बसते. खासगी वृद्धाश्रमांसह सगळ्यांची नोंदणी आणि किमान दर्जा बंधनकारक करणारं दुरुस्ती विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

इंग्लंडमध्ये यासाठी 2009 पासून एक स्वतंत्र आयोग आहे. तो प्रत्येक निवासाला पाच प्रश्न विचारतो: इथे माणूस सुरक्षित आहे का, सेवेचा उपयोग होतो का, वागणूक मायेची आहे का, प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे बदल होतो का, आणि कारभार नीट आहे का. मग श्रेणी देतात आणि ती लोकांना पाहता येते. तिथल्या एका मुख्य निरीक्षक, अँड्रिया सटक्लिफ, तपासनिसांना एक साधी कसोटी सांगत: माझ्या आईला मी इथे ठेवीन का? मला ही कसोटी आवडते, पण थोडी भीतीही वाटते. मी माझ्या बहिणीला ठेवलंच होतं की! माया होती; रविवारी सकाळी अकराला बघून कळत नव्हतं, एवढंच. आणि आयोग असला म्हणजे झालं असंही नाही. 2024 मध्ये त्याच आयोगाच्या कामाचा आढावा घेतला, तेव्हा कितीतरी ठिकाणी वर्षानुवर्षं फेरतपासणीच झाली नसल्याचं उघड झालं.

ओनोरा ओनील या तत्त्वचिंतक बाईंनी 2002 साली बीबीसीवर विश्वास या विषयावर व्याख्यानं दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हिशेब मागण्याची पद्धतच चुकली, तर माणसं काम सोडून हिशेब लिहीत बसतात, आणि विश्वास वाढायच्या ऐवजी घटतो. वृद्धाश्रमात हे शब्दशः घडतं. एका मावशीला सहा वह्या भरायला लावल्या, तर तो वेळ ती कुणाच्या तरी पाठीवरून काढते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते. 'कूस बदलली' हे लिहायला मात्र बसल्या जागी जमतं.

मग बघायचं काय? वही बघा, पण एकच: वजनाची. दर महिन्याला प्रत्येकाचं वजन. तीन महिन्यांत चार-पाच किलो गेले असतील, तर कारण विचारा. कवळी हरवलीय, भाकरी चावत नाही, असं काहीतरी निघतं. बाकी डोळ्यांनी बघा. पायाची नखं, टाचा, चष्म्याची काच. घंटी हाताला लागते की भिंतीवर उंच आहे. संध्याकाळचं जेवण किती वाजता? कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी ते साडेपाचला उरकतात, आणि सकाळचा चहा सातला. मधले तेरा-साडेतेरा तास मधुमेहाच्या माणसानं काय करायचं? आणि दुपारी तीनला सगळी खोली गाढ झोपलेली दिसली, तर शांतता आहे म्हणून खूष होऊ नका; झोपेच्या गोळ्या कोण लिहून देतं ते विचारा.

बोलायचं तर एकट्यानं बोला, व्यवस्थापक शेजारी नको. आणि त्यांच्या भाषेत बोला. साहेबी मराठीत "काही तक्रार?" असं विचारलं की आपली म्हातारी माणसं "बरं शे" म्हणून मोकळी होतात. जेवूखावू घालणाऱ्याच्या दारात तक्रार करणं त्यांना बेइमानी वाटतं. अहिराणीत रात्रीच्या झोपेची गोष्ट काढा, शेताची काढा, मग हळूहळू बाहेर येतं.

तपासणीनंतर काय, हा खरा अवघड भाग. दोष सापडला की टाळं ठोका, असं म्हणणं सोपं आहे. त्या चाळीस जणांना दुसऱ्या दिवशी कुठे न्यायचं? अक्काच्या वेळी मी रागानं भांडायला गेलो होतो. व्यवस्थापकांनी शांतपणे पगारपत्रक समोर ठेवलं. दुसरी रात्रपाळी ठेवायची तर दरमहा किती लागतात, ते त्यात होतं. आम्ही सात-आठ कुटुंबांनी वाटून तो खर्च उचलला. दाराशी कमी उंचीचा दिवा, संडासात धरायला दांडी, दोन खुर्चीसंडास, आणि रात्री दहा व दोन वाजता "कुणाला जायचंय का?" असं विचारत फेरी. मोठं काही नव्हतं. अक्का त्यानंतर सात महिने होती, आणि संध्याकाळी चहा मागून घ्यायची.

सगळीकडे नातेवाईक असे पैसे देऊ शकत नाहीत, निराधारांना तर नातेवाईकच नसतात. तिथे रात्रपाळीचा पगार अनुदानात वेगळा धरलाच पाहिजे, हे माझं स्पष्ट मत. इमारतीला देणगी देणारे भेटतात. कोनशिलेवर नाव येतं. रात्रपाळीची कोनशिला नसते.

त्या धुळ्याच्या ताई आज आल्यात का? ...बसा, बसा. ताई, आईला ठेवण्याआधी तिथे एकदा रात्री साडेनऊला, न कळवता जा. आत येऊ दिलं नाही, तर तेही एक उत्तरच. आणि काही गैर दिसलं, तर ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक लिहून घ्या: 14567. सकाळी आठ ते रात्री आठ. हो, रात्री आठलाच बंद होतो.