जामठ्याचा फ्रेशर

रणजी फायनलचा पहिला तास. जामठ्याच्या स्कोअरबोर्डवर ३ बाद २४ आणि माझ्या लॅपटॉपवर एका पोराच्या नोकरीचा फॉर्म. दोन्हीकडे पहिल्याच मोसमातला भिडू क्रीजवर उभा होता!

"रुकी म्हणजे का असते बे?"

ऑफिसच्या कँटीनमध्ये मी हा प्रश्न विचारला आणि फसलो. आमचा एक कलीग बास्केटबॉलचा जाम वेडा. राहतो माझ्याच गल्लीत. अख्खं लकडगंज साखरझोपेत असताना हा गडी पहाटे उठून एनबीएच्या मॅचेस बघतो आणि मग दिवसभर ऑफिसात कॉफीवर जगतो. त्याने मला वीस मिनिटं सगळा फंडा समजावून सांगितला. रुकी म्हणजे पहिल्या मोसमातला खेळाडू. तिकडे जो संघ सगळ्यात वाईट खेळतो, त्याला पुढच्या वर्षी सगळ्यात भारी नवा खेळाडू मिळण्याची शक्यता जास्त. म्हणजे बिचारा रुकी बहुतेक वेळा हरणाऱ्याच घरी जाऊन पडतो. २०२३-२४ मध्ये फ्रान्सचा व्हिक्टर वेंबान्यामा सॅन अँटोनियो स्पर्सकडून पहिला मोसम खेळला. वर्षातला सर्वोत्तम रुकी म्हणून त्याची एकमताने निवड झाली. आणि त्याचा संघ? ८२ पैकी ६० मॅचेस हरला!

"आपल्याकडे कुठून येईन असा रुकी?" कप खाली ठेवत तो म्हणाला. "प्रो टीम तर पाहिजे ना बाप्पा!"

मी मान डोलावली. तेव्हा मला ठाऊक नव्हतं, की आमच्या शहरातला रुकी दुसऱ्याच खेळात सापडणार आहे. आणि तोही जिंकणाऱ्या संघात.

कर्सर तिसऱ्या पर्यायावर

रुकी तर माझ्या टीममध्येही होता. फक्त एचआरच्या भाषेत त्याला फ्रेशर म्हणतात. भंडाऱ्याकडचा पोरगा, सहा महिन्यांचं प्रोबेशन, पहिला पगार झाल्यावर आईसाठी मिक्सर घेणारा. जानेवारीत त्याने क्लायंटला जुनी फाइल पाठवली. आमचा पूरा वीकेंड ती निस्तरण्यात गेला. त्या दिवसापासून पोरगा मीटिंगमध्ये तोंड उघडेना. विचारलं तर "हो सर", नाही विचारलं तर नुसताच बसलेला.

एचआरचा मेल आला. २८ फेब्रुवारीच्या आत फॉर्म भरा. पर्याय तीन. कन्फर्म, मुदतवाढ किंवा 'नॉट सुटेबल'. मी तिसऱ्यावर कर्सर ठेवून दोन दिवस नुसताच बसलो होतो. बटण काही दाबलं जात नव्हतं.

२६ फेब्रुवारी २०२५ ला महाशिवरात्र होती. बुधवार, ऑफिसला सुट्टी आणि त्याच दिवशी जामठ्याला विदर्भ विरुद्ध केरळ रणजी फायनल सुरू! लकडगंजात राहणाऱ्याला शांतता म्हणजे काय हे फारसं माहीत नसतं. सकाळ झाली की आरा मशीनची करकर आणि सागवानाच्या भुशाचा वास हेच आमचं अलार्म घड्याळ. त्या दिवशी मात्र काकांची वखार बंद होती. काकूने साबुदाण्याच्या उसळीचा डबा हातात दिला आणि काका-पुतण्या निघालो. टेलिफोन एक्स्चेंजवरून मेट्रो, सीताबर्डीला बदली, खापरीला उतरून पुढे ऑटो. पूर्व नागपुरात डिसेंबर २०२२ मध्ये मेट्रो आल्यापासून जामठा आम्हाला जरा जवळचं वाटायला लागलंय. लॅपटॉपची बॅग मात्र खांद्यावर होतीच. सुट्टीतही फॉर्म भरायचा, असा माझा प्लॅन!

गेली बाप्पा मॅच!

केरळने टॉस जिंकून आम्हाला बॅटिंग दिली. पहिल्याच ओव्हरमध्ये पार्थ रेखडे शून्यावर गेला. मग दर्शन नळकांडे १ वर. ध्रुव शोरी १६ करून परतला तेव्हा स्कोअर होता ३ बाद २४.

"गेली बाप्पा मॅच," काकांनी डब्याचं झाकण उघडलं.

क्रीजवर एक बारकासा पोरगा उभा होता. दानिश मालेवार. वय २१, नागपूरचाच. ऑक्टोबर २०२४ मध्ये रणजीत पदार्पण, म्हणजे नोकरीला लागून जेमतेम पाच महिने झालेले. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रोबेशन सुरू! आणि त्याला सोबत द्यायला आला करुण नायर.

नायरची स्टोरी तुम्हाला ठाऊक असेलच. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३. २०१७ मध्ये भारतीय संघातून बाहेर. पुढे कर्नाटकच्या संघातही जागा राहिली नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्याने क्रिकेटकडेच आणखी एक संधी मागितली होती, अगदी जाहीरपणे. ती संधी त्याला २०२३-२४ पासून विदर्भाने दिली. ३३ वर्षांचा, सगळं कमावून सगळं गमावलेला माणूस एका टोकाला आणि अजून काहीच न गमावलेला पोरगा दुसऱ्या टोकाला.

टीव्हीवर जे दिसत नाही ते मैदानात दिसतं. कॅमेरा बॉलच्या मागे धावतो. आपण मात्र दोन ओव्हरच्या मधली तीस सेकंदं बघू शकतो. दर ओव्हर संपली की दोघं पिचच्या मध्यावर यायचे, काहीतरी बोलायचे, ग्लव्हजला ग्लव्हज टेकवायचे आणि आपापल्या टोकाला परत. लंचपर्यंत हे मी इतक्यांदा बघितलं, की शेवटी मोजणं सोडून दिलं.

भागीदारी २१५ पर्यंत गेली. मग नायर ८६ वर रनआउट! स्टेडियममध्ये एकदम सुतकी शांतता. "आता पोरगं बिचकते," काका म्हणाले. मलाही तसंच वाटलं होतं. सीनियर असा आपल्यादेखत रनआउट झाला की भलेभले डगमगतात. पण दिवस संपला तेव्हा स्कोअर ४ बाद २५४ आणि मालेवार नाबाद १३८.

लॅपटॉप बॅगेतून बाहेर निघालाच नाही.

रुकी एकटा येत नाही

परतीच्या मेट्रोत डोक्यात तोच विचार चालू होता. हा पोरगा असा निवांत कसा काय खेळला?

उत्तर त्याच्यापेक्षा जास्त त्याच्या टीममध्ये आहे. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भ मुंबईविरुद्ध रणजी फायनल हरला होता. समोर ५३८ चं टार्गेट. कॅप्टन अक्षय वाडकरने शतक ठोकलं, हर्ष दुबेने ६५ काढले, संघ ३६८ पर्यंत पोहोचला आणि १६९ धावांनी हरला. एवढा मार खाल्लेल्या टीमला दुसऱ्या वर्षी काय हवं असतं? एखादा हिरो? नाही. प्रत्येकाने आपापलं काम चोख करणं.

२०२४-२५ च्या मोसमात नेमकं तेच झालं. कोच उस्मान घनी, कॅप्टन वाडकर आणि एकही मॅच न हरता फायनल. स्पर्धेत सगळ्यात जास्त धावा यश राठोडच्या, ९६०. नायरच्या ८६३. डावखुरा स्पिनर हर्ष दुबे तर सुसाटच सुटला. ६९ विकेट्स, रणजीच्या एका मोसमातला विक्रम! आधीचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा होता, ६८ चा. सेमीफायनलला पुन्हा मुंबईच समोर आली, तेव्हा पार्थ रेखडेने एकाच ओव्हरमध्ये अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना घरी पाठवलं. मुंबई ८० धावांनी गारद. हिशेब चुकता!

आता यात मालेवार कुठे बसतो बघा. क्वार्टर फायनलला तमिळनाडूविरुद्ध ७५, सेमीफायनलला मुंबईविरुद्ध ७९. दोन्ही वेळा त्याच्याच संघातल्या कुणीतरी शतक काढलं. आधी नायर आणि राठोड, मग पुन्हा राठोड. म्हणजे पोरगा दर वेळी उपयोगाचा होता, पण मॅच वाचवायचं ओझं एकट्याच्या डोक्यावर कधीच नव्हतं. फायनलला ते आलं, तोवर खांदे तयार झाले होते.

वेंबान्यामा आणि मालेवारमधला फरक मला तिथे कळला. एकाला बुडणाऱ्या संघाचा तारणहार म्हणून आणलं. दुसऱ्याला आधी नुसतंच टीममध्ये बसू दिलं.

आणि मी माझ्या रुकीला काय दिलं होतं? तिसऱ्याच महिन्यात क्लायंटची डिलिव्हरी. एकट्याला.

३७ धावा आणि एक फॉर्म

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. फॉर्मची शेवटची तारीख आणि फायनलचा तिसरा दिवस. मालेवार १५३ करून बाद झाला होता, विदर्भाच्या ३७९ झाल्या होत्या आणि केरळ त्याच्या मागावर होतं. रणजीचा नियम तुम्हाला माहीत असेल. मॅच ड्रॉ झाली तर पहिल्या डावात ज्याची आघाडी, ट्रॉफी त्याची. म्हणजे त्या दिवशी एकेक धाव सोन्याची! ऑफिसात कामाच्या खिडकीमागे स्कोअरची खिडकी उघडी होती. माझीच नाही, सगळ्यांची.

आम्हाला सगळ्यात जास्त कोण त्रास देत होतं माहितीय? आदित्य सरवटे! आमचा नागपूरचाच. २०१८-१९ च्या फायनलमध्ये याच जामठ्यावर सौराष्ट्राच्या ११ विकेट्स काढून त्याने विदर्भाला दुसऱ्यांदा चॅम्पियन केलं होतं. या मोसमात तो केरळकडून खेळत होता आणि त्याने आमच्याविरुद्ध ७९ ठोकल्या. चांगला माणूस टीममधून गेला की कधीतरी तो समोरून येतो, हे प्रत्येक मॅनेजरने केबिनमध्ये लिहून ठेवावं.

दुपारी मी पोराला बोलावलं. "जानेवारीत काय झालं होतं, एकदा नीट सांग."

तो बराच वेळ खालीच बघत होता. मग म्हणाला, "सर, फोल्डरमध्ये दोन फाइली होत्या. कोणती पाठवायची ते विचारायले आलो होतो मी. तुम्ही कॉलवर होते. हातानं नंतर ये म्हटलं. मंग डेडलाइन झाली."

मला तो कॉल आठवला. हातही आठवला.

ओव्हर संपल्यावर पिचच्या मध्यावर यायचं असतं. तो आला होता. मी माझ्या टोकालाच उभा होतो.

केरळचा कॅप्टन सचिन बेबी ९८ वर गेला तेव्हा स्कोअर ३२४ होता. पलीकडच्या क्युबिकलमधून कुणीतरी ओरडलं. थोड्या वेळात केरळ ३४२ वर ऑलआउट. आघाडी ३७ धावांची. मी फॉर्म उघडला, पहिला पर्याय निवडला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, की जानेवारीतल्या चुकीत मार्गदर्शनाची कमतरता होती आणि ती माझ्याकडून होती. एचआरमधून लगेच फोन आला. असं लिहिलं तर तुमच्या अप्रेझलवर येऊ शकतं, बदलता का? म्हटलं, नको. राहू द्या.

आणि हो, आलं! त्या वर्षीची माझी वाढ बघून बायकोने विचारलं, "काहून जी, एवढीच?" मी तिला मालेवारची स्टोरी सांगितली. तिने ऐकून घेतली, पण नवा फ्रिज पुढच्या वर्षावर गेला तो गेलाच.

पार्टनरशिप संपते, धावा राहतात

दुसऱ्या डावात विदर्भ २ बाद ७. पुन्हा तीच जोडी, पुन्हा तोच प्रकार. १८२ धावांची भागीदारी. मालेवार ७३, नायर १३५. रविवारी २ मार्चला ९ बाद ३७५ वर मॅच ड्रॉ झाली आणि विदर्भ तिसऱ्यांदा रणजी चॅम्पियन. मॅन ऑफ द मॅच, अर्थातच, आमचा रुकी.

पुढचं तुम्ही पेपरात वाचलंच असेल. नायर जून २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये आठ वर्षांनी पुन्हा भारताकडून कसोटी खेळला आणि पुढच्या रणजी मोसमासाठी कर्नाटकात परतला. मालेवारने ऑगस्ट २०२५ मध्ये दुलीप ट्रॉफीत द्विशतक काढलं, तेव्हा समोर नायर नव्हता.

माझा रुकीही नंतर पुण्याला गेला. पॅकेज चांगलं होतं, मीच म्हटलं जा. शेवटच्या दिवशी संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला आणि म्हणाला, "सर, तिकडे माझ्या हाताखाली दोन फ्रेशर देणारेत."

"कॉलवर असशील तर?" मी विचारलं.

"कॉल म्यूट करीन ना सर!"

त्याच्या खुर्चीवर नवी पोरगी आलीये, वर्ध्याची. पहिल्याच दिवशी मी माझं टेबल तिच्या शेजारी ओढून घेतलं. आमचा एनबीएवाला कलीग विचारतो, कशी आहे रुकी? मी म्हणतो, अजून २४ वर ३ आहे रे. बघू!

चौकट : विदर्भाचा मोसम, २०२४-२५
• मालेवार : ९ मॅचेस, ७८३ धावा. फायनलमध्ये १५३ आणि ७३.
• हर्ष दुबे : ६९ विकेट्स. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू.
• फायनल : विदर्भ ३७९ आणि ९ बाद ३७५, केरळ ३४२.
• रणजी विजेतेपदं : २०१७-१८ (विरुद्ध दिल्ली, इंदूर), २०१८-१९ (विरुद्ध सौराष्ट्र, जामठा), २०२४-२५ (विरुद्ध केरळ, जामठा).
• विदर्भ रणजीत पहिल्यांदा खेळला १९५७-५८ मध्ये. पहिली ट्रॉफी यायला साठ वर्षं लागली. प्रोबेशन एवढं लांबू शकतं!