जगण्याच्या कारणांची मोजदाद

‘मरावंसं का वाटतं?’ हे विचारणारे पुष्कळ असतात. मार्शा लाइनहन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा केला: मनात तसं येऊनही माणसं जगतात, ती कशाच्या बळावर? 1983 साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 48 कारणांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक कारण आपल्याला किती महत्त्वाचं, ते 1 ते 6 मध्ये सांगायचं.

तिथे सगळाच जीवनाचं सार्थक वगैरे भारदस्त मजकूर नाही. मुलांना मोठं होताना बघायचंय, घरच्यांच्या फार जिव्हारी लागेल, यातूनही वाट निघेल, अशी साधी कारणंही आहेत. मरणाची भीती आहे आणि चक्क ‘लोक काय म्हणतील’सुद्धा! (एरवी याच धास्तीने कितीजणांना जगणं नकोसं होतं.)

मग निराशेत ही कारणं जातात कुठे? मानसशास्त्रज्ञ मार्क विल्यम्स यांच्या 1986 मधल्या अभ्यासाने एक धागा दिला. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्यांना एखादा ठरावीक प्रसंग आठवायला सांगितला, तर उत्तरं मोघम येत. ‘त्या दिवशी तळ्यावर गेलो’ऐवजी नुसतं ‘पूर्वी फिरायचो’. अशा धूसर आठवणींतून धरायला काही सापडत नाही.

म्हणून यादी करायचीच तर बऱ्या दिवशी, आणि नेमकी. ‘कुटुंब’ पुरत नाही. ‘शनिवारी धाकटीला पोहायला न्यायचंय’ चालेल. पण विचार आत्ताच घेरत असतील, तर वही राहू द्या. जवळच्या कुणाला तरी हाक मारा किंवा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, आणि मराठीतही बोलता येतं.