कुंपण गेले, अडसर उरले

इंग्रजी अमदानीत सोलापूर शहराजवळ एक वसाहत होती. तिच्याभोवती तारेचे कुंपण असे व आतील माणसांना नित्य हजेरी द्यावी लागे. इ. स. १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची प्रथा सुरू झाली. पारधी ही त्यांपैकीच एक जमात. १९५२ साली हा कायदा देशातून रद्द झाला. कुंपण गेले, परंतु लोकांच्या मनातील संशय मात्र गेला नाही.

फासे लावून तित्तर व ससे पकडणे हा पारध्यांचा पिढीजात व्यवसाय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो बंद झाला. तेव्हा शेळ्या पाळाव्या, भाजी विकावी, असे पारधी स्त्रीच्या मनात येते. कष्टाला ती भीत नाही. मग अडते कोठे?

पहिली अडचण भांडवलाची. आदिवासी स्त्रियांना शेकडा चार व्याजाने कर्ज देणारी सरकारी योजना आहे. पण त्यासाठी जातीचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्यांचे आजोबा आज या माळावर, तर उद्या त्या माळावर पाल ठोकीत, त्यांनी असा कागद कोठून आणावा? दुसरी अडचण शिक्षणाची. लहान वयात लग्न झाल्याने शाळा सुटते व पुढे हिशेब दुसऱ्याच्या हाती जातो. तिसरी अडचण सर्वांत कठीण. तिच्या टोपलीतील भाजी ताजी असली, तरी गिऱ्हाईक आधी तिची जात पाहते.

यांतून एक वाट निघते, ती बचत गटाची. दहा ते वीस स्त्रिया दरमहा थोडी थोडी रक्कम साठवितात, आपसांत कर्ज देतात व वेळेवर फेडतात. ही शिस्त पाहून बँक गटाला तारणावाचून कर्ज देते. नाबार्ड या बँकेने १९९२ साली हा उपक्रम सुरू केला. सोलापूरच्या कित्येक स्त्रियांनी ज्वारीची कडक भाकरी व शेंगदाण्याची चटणी दूरदूरच्या शहरी पोहोचविली आहे. घरची चूलच त्यांचा कारखाना झाली!

परंतु गटात शिरण्यासही शेजारणींचा विश्वास लागतो. तारेचे कुंपण सरकारला एका कायद्याने काढता आले. मनातील कुंपण मात्र ज्याचे त्यानेच काढावयाचे असते.