फायान्सचा स्कॅरॅब आणि राजनामाचे प्रामाण्य

प्राचीन ईजिप्तमधील वस्तूवर राजाचे नाव आढळले की तिचा काळ ठरला, असे मानण्याकडे अभ्यासकाचा स्वाभाविक कल असतो. स्कॅरॅबच्या, म्हणजे शेणकिड्याच्या आकाराच्या ताइताच्या बाबतीत मात्र हा कल फसवा ठरतो.

शेणाची गोळी लोटीत नेणारा हा कीटक ईजिप्शियनांना सूर्यबिंब पुढे ढकलणाऱ्या खेप्री देवाचे रूप वाटला. त्याच्या चित्रलिपीतील चिन्हाचा उच्चार ‘खेपेर’, आणि अर्थ ‘अस्तित्वात येणे’. असा ताईत जिवंतपणी अंगावर वागविला जावा व मृताबरोबर पुरला जावा, हे ओघानेच आले.

लंडन येथील ब्रिटिश म्यूझियममध्ये नाइलच्या त्रिभुज प्रदेशातील नॉक्रॅटिस या ग्रीक वसाहतीत मिळालेले फायान्सचे स्कॅरॅब आहेत. फ्लिंडर्स पेट्री यांना १८८४-८५ च्या उत्खननात तेथे इ. स. पू. सहाव्या शतकातील स्कॅरॅबांचा कारखानाच सापडला. साचेही शेकड्यांनी मिळाले. ‘फायान्स’ हे नाव इटलीतील फाएन्त्सा गावच्या मृत्पात्रांवरून आले असले, तरी येथे ते वस्तुतः गैरलागू होय. कारण ईजिप्शियन फायान्स ही माती नव्हेच. गारगोटीचे पीठ, थोडा चुना, अल्कली क्षार व रंगासाठी तांब्याचे संयुग एकत्र कालवून तो लगदा साच्यात दाबीत. वाळताना क्षार पृष्ठभागावर फुलून येई आणि भट्टीत वितळून त्याचीच निळसर-हिरवी झिलई बने. निराळा लेप द्यावा लागत नसे. दगडात एकेक स्कॅरॅब कोरावा लागे; साच्यातून मात्र एकच लेख हवा तितक्या वेळा उमटे, मग कारागिराला तो वाचता येवो वा न येवो.

‘मेनखेपेर्‌रे’ हे तिसरा थटमोस (इ. स. पू. सु. १४७९–१४२५) याचे राज्याभिषेकनाम. त्याच्या मृत्यूनंतरही अनेक शतके या नावाचे स्कॅरॅब निघत राहिले. सूर्यबिंब व शेणकिडा ही दोन्ही चिन्हे त्या नावातच असल्याने ते स्वतःच मंत्रासारखे झाले. काही विद्वान तर त्यात अमून देवाचे नाव गूढलिपीने दडविलेले आहे, असे मानतात. एखाद्या थडग्यात असा स्कॅरॅब मिळाला आणि केवळ नावावरून त्याचा काळ ठरविला, तर कित्येक शतकांची चूक होऊ शकते, व तीच पुढे त्या थडग्यातील मृत्पात्रांच्या कालक्रमात शिरते. राजनामावरून फार तर पूर्वमर्यादा मिळते. उत्तरमर्यादेसाठी किड्याचे डोके, पंखांच्या रेषा व पायांची घडण पाहावी लागते. आणि या साऱ्यांहून अधिक महत्त्व वस्तू ज्या थरात सापडली त्या थराला द्यावे लागते. संग्रहालयातील ज्या स्कॅरॅबांची अशी नोंदच उरलेली नाही, त्यांच्यापुढे एखाद्या राजवटीचे वर्ष निःशंकपणे लिहिणे योग्य नव्हे.