गाडीची आकडेवारी आणि चालकाचा पाय

गाडी किती ॲव्हरेज देते, हे टाकी भरताना कळते. ते तेवढेच का, याच्या खुणा मात्र इंजिनावर लक्ष ठेवणाऱ्या ईसीयू या संगणकात असतात. वेग, इंजिनाचे फेरे, ॲक्सिलरेटरवरचा दाब, आत गेलेली हवा हे सारे तो सतत मोजतो. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटला छोटे यंत्र जोडले की हे आकडे वाचता येतात. अमेरिकेत १९९६पासून नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची आहे.

पेट्रोलचा हिशेब हवेवरून लागतो. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. सेकंदाला १० ग्रॅम हवा जात असेल, तर तासाला साधारण ३.३ लिटर पेट्रोल जळते. त्या वेळी वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर ॲव्हरेज १८च्या आसपास. डिझेल इंजिन गरजेपेक्षा जास्तच हवा घेते, म्हणून तिथे इंजेक्टरने सोडलेले इंधन पाहावे लागते.

वेग शून्य आणि फेरे ८००, म्हणजे इंजिन उगाच चालू. घाटाच्या उतारावर न्यूट्रल टाकून तेल वाचवणारे तर पुष्कळ. नोंदी त्यांच्या विरोधात जातात: न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला इंधन लागतेच, गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला, तर आधुनिक इंजिनाचे इंजेक्टर बंद होतात आणि खर्च शून्यावर येतो. शिवाय इंजिनाचा रोध ब्रेकला मदत करतो.

सर्वात बोलका पुरावा ब्रेकचा. १५ टनांची बस ताशी ६० किलोमीटरवरून थांबली, की सुमारे २१ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते. तो वेग पुन्हा गाठायला साधारण १६० मिलिलिटर डिझेल लागते. म्हणजे सहा-सात थांब्यांत एक लिटर. पुढची गर्दी पाहून आधीच पाय उचलणाऱ्याच्या आलेखात वेग हळूहळू उतरतो, घाई करणाऱ्याच्या आलेखात कडे दिसतात.

तरीही दोन चालकांचे ॲव्हरेज थेट ताडून पाहणे अन्यायाचे. खंबाटकी घाट चढणारी भरलेली बस आणि सपाट रस्त्यावरची रिकामी बस यांत फरक पायाचा नव्हे, चढाचा आणि वजनाचा. म्हणून तुलना एकाच मार्गावरच्या, सारख्या भाराच्या फेऱ्यांची करावी लागते. टायरमधली हवा आणि एसी यांचा खर्चही चालकाच्या खात्यावर पडू नये, यासाठी एका फेरीवरून शेरा मारण्यापेक्षा अनेक फेऱ्यांची सरासरी घेणे बरे.