गुठळी निघाली, पण रक्तस्राव?

माणदेशात, म्हसवडकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, तोच पक्षाघात. मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी जांघेतून नळी घालून ओढून काढता येते. 2015 मधल्या पाच चाचण्यांनी हा उपचार पक्का केला. धोका पुढे असतो. उपाशी राहून मेलेल्या भागात रक्त एकदम परतलं की कमकुवत केशवाहिन्या फुटतात.

त्याचा अंदाज आधीच्या सीटी स्कॅनमध्ये मिळतो. मेंदूच्या गुठळी असलेल्या बाजूचे दहा भाग पाहून दहापैकी गुण देतात. खराब भागामागे एक गुण कमी. गुण जितके कमी, तितकी रक्तस्रावाची भीती जास्त. रक्तपुरवठ्याचा स्कॅन कुठला भाग गेला, कुठला अजून तग धरून आहे, हे दाखवतो. पण हा अंदाजच. वय, साखर, रक्तदाबही मोजावे लागतात.

गुठळी काढल्यानंतरच्या स्कॅनमधला पांढरा डाग फसवतो. ते रक्त असतं किंवा तपासणीसाठी टोचलेलं आयोडीनयुक्त औषध. दुहेरी ऊर्जेचा सीटी दोन्ही वेगळे करतो. रक्त पातळ करणारी गोळी कधी सुरू करायची, हे त्यावर ठरतं.

माणदेशातून मोठं रुग्णालय गाठेपर्यंत दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात. म्हणून तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली की थेट 108 लावा.