नांव विचारतांच नांव गेलें!

वाण्याच्या दुकानीं साखरेचा भाव विचारला म्हणून साखर महागत नाहीं. परंतु आंतरजालावरील नांवांच्या पेठेंत नुसती चौकशीदेखील गिऱ्हाइकास भोंवूं शकते, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. घरचा मसाल्याचा धंदा, सूनबाईंचा संगीतवर्ग किंवा कुलवृत्तान्त यांसाठीं संकेतस्थळ काढावयाचें ठरलें कीं प्रथम लागतें तें त्याचें नांव, म्हणजे 'डोमेन'. आपण तें 'विकत घेतलें' असें म्हणतों. वस्तुतः तें भाड्यानें मिळतें, एका वेळीं फार तर १० वर्षांपर्यंत. 'डॉट कॉम'नें संपणाऱ्या साऱ्या नांवांची मूळ वही व्हेरिसाइन या अमेरिकन कंपनीजवळ असते. आपली गांठ पडते ती मधल्या नोंदणीदार दुकानदाराशीं. वही एकच, दुकानें शेंकडों, आणि भाव ज्याचा त्याचा निराळा.

हा दुकानदार काय करूं शकतो, याचा मासला २००८ च्या जानेवारींत अमेरिकेंत पाहावयास मिळाला. नेटवर्क सोल्यूशन्स ही त्या धंद्यांतील जुनी, नांवाजलेली पेढी. अमुक नांव मोकळें आहे काय, असें तिच्या संकेतस्थळावर कोणी विचारलें कीं ती तें नांव तत्काळ स्वतःच्या खातीं नोंदवून ४ दिवस अडवून ठेवी. अन्यत्र सुमारें १० डॉलरांत मिळणारें नांव मग तेवढे दिवस तिच्याचकडून, वर्षाला सुमारें ३५ डॉलर मोजून घ्यावें लागे. गवगवा होतांच खुलासा झाला कीं, इतर लबाडांनीं तें पळवूं नये म्हणून आम्हीं राखून ठेवितों! राखणदारानें कोठाराची किल्ली खिशांत घालून धन्याजवळच धान्याचे पैसे मागावे, त्यांतलाच हा प्रकार.

पेढीला यांत पदरचें कांहींच घालावें लागत नव्हतें. नोंदविलेलें नांव ५ दिवसांत परत केल्यास पैसे पुरे परत, अशी सवलत मूळ नियमांतच होती. तिचा आधार घेऊन कित्येक व्यापारी लाखों नांवें फुकट घेत, त्यांवर जाहिराती लावून पाहत आणि न चालणारीं मुदतींत परत करीत. अखेर या नांवांची देखरेख करणाऱ्या आयकॅन संस्थेनें २००८ च्या मध्यापासून, ठरावीक मर्यादेबाहेर परत आलेल्या प्रत्येक नांवावर २० सेंटांचा आकार बसविला. पुढें तो आणखी वाढविला. २००९ च्या एप्रिलपर्यंत अशा परतीचें प्रमाण शेंकडा ९९ हून अधिक घटलें. अवघे वीस सेंट! तथापि विचारलेलें नांव कोण टिपून ठेवतो हें गिऱ्हाइकास आजही दिसत नाहीं. तेव्हां पैसे भरण्याची तयारी असेल त्याच दिवशीं चौकशी करणें बरें.

याहून घातक गोष्ट आपल्या घराजवळ घडते. संकेतस्थळ बांधून देणारा ओळखीचा तरुण सोईखातर नोंद स्वतःच्याच नांवें करतो, आणि पुढें बिनसलें कीं वर्षानुवर्षांच्या धंद्याची पाटी त्याच्या मुठींत राहते. न्यायालयाची वाट आहे. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स या खटल्यांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं अशा नांवास व्यापारचिन्हासारखें संरक्षण मान्य केलें. परंतु ती वाट लांबची व खर्चाची. त्यापेक्षां धनी म्हणून कोणाचें नांव, कोणाचा ई-मेल लिहिला आहे तें खातें उघडून आजच पाहावें; आणि पहिल्या वर्षाच्या सवलतीच्या दरावर न भुलतां दुसऱ्या वर्षाचा दर काय, तेंही लेखी विचारून घ्यावें.